क्लेम लार्वुडचा नेम

क्लेम लार्वुडच्या बंदुकीला आमच्या गावात कोणीच घाबरत नसे. कबुतरं तर मुळीच नाहीत. परसातल्या लाकडी खोपटात बसून तो चाप ओढायचा, दार आपटल्यासारखा आवाज व्हायचा, मटाराच्या वाफ्यात चरणारी जाडजूड रानकबुतरं माना वर करून खोपटाकडे बघायची आणि पुन्हा खायला लागायची. त्यांच्या बघण्यात राग नसायचा. घरातला म्हातारा खोकला की सुना जशा एकदा मागे वळून बघतात, तसं ते बघणं असायचं.

मी क्लेमची शेजारीण. आमच्या दोघांच्या परसांमध्ये एक काटेरी कुंपण आहे, आणि नवरा गेल्यापासून माझा निम्मा दिवस त्या कुंपणापाशीच जातो. लोक म्हणतात एल्सीला नाक खुपसायची सवय आहे. आहे. पण लिटल ब्रॅडिंगसारख्या गावात नाक खुपसलं नाही, तर माणसाने ते ठेवायचं तरी कशाला?

ती बंदूक क्लेमच्या बापाची. बाप मोठ्या बंगल्यावर माळी होता. काचघरातले उंदीर आणि स्ट्रॉबेरीवरच्या चिमण्या मारायला त्या काळी प्रत्येक मोठ्या माळ्याकडे अशी एक बागेतली बंदूक असायचीच. बंदुकीच्या घराण्यातलं हे शेंडेफळ. नळीत करंगळी मावेल न मावेल, काडतूस करंगळीच्या पेराएवढं, आणि आतले छर्रे मोहरीहून बारीक. दहा पावलांवर एखादा उंदीर निवांत बसला असेल आणि मुळात आजारी असेल, तर मरेलही. त्यापुढे ते छर्रे म्हणजे लग्नातल्या अक्षता. पडल्या काय नि न पडल्या काय, मुंडावळ्यांना काही होत नाही.

क्लेमचा मटार परसाच्या पार दुसऱ्या टोकाला. खोपट जरा पुढे घे, असं एकदा मी त्याला सुचवलं होतं. त्यावर त्याने मला समजावलं की जवळून मारणं ही शिकार नव्हे, तो खून झाला. शिवाय चाप ओढताना क्लेमचा डावा डोळा मिटायचा आणि त्याच्या सोबतीला उजवाही मिटायचा. हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. एकट्या क्लेमने पाहिलं नव्हतं, कारण त्या वेळी त्याचे डोळे मिटलेले असायचे.

हसू नका. या माणसाने उभं आयुष्य बीटाच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर काढलं. दुसऱ्यांच्या गाड्या तोलल्या, आणि त्याला मात्र कोणी कधी तोललं नाही. बढती नाही की काही नाही. दरवर्षीच्या भाजीच्या प्रदर्शनात त्याचे कांदे कायम दुसऱ्यांच्या कांद्यांना सोबत म्हणून ठेवलेले. दारूच्या गुत्त्यातल्या बाणफेकीच्या संघात त्याला घेतलं होतं ते गुण लिहायला, कारण त्याचं अक्षर चांगलं. असा माणूस खोपटात घडीच्या खुर्चीवर बसून मांडीवर बापाची बंदूक घ्यायचा, थर्मासमधला चहा ओतायचा आणि टोपी कपाळावर ओढायचा, तेव्हा त्याच्या पाठीचा कणा सरळ व्हायचा. मी कुंपणावरून रोज बघत होते.

आता तुम्ही विचाराल, कधीच काही लागलं नाही तर हा माणूस निराश कसा झाला नाही? तर त्याला लागत होतं. आठवड्यातून एखादं कबूतर त्याला वाफ्याशी मेलेलं सापडायचंच. ते तिथे ठेवायची त्याची बायको, मेव्हिस.

ते असं झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बाप वारला, बंदूक घरी आली आणि क्लेम खोपटात बसला. बसला तो बसलाच. आठवडे गेले, पिसूसुद्धा मेली नाही. त्याचं जेवण सुटलं. बापाची बंदूक आहे, दोष माझ्या हातात आहे, असं एका रात्री तो मेव्हिसला म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी मेव्हिस मटिमरकडे गेली. मटिमर म्हणजे बंगल्याच्या रानाचा राखणदार. शेतावरची कबुतरं मारणं हे त्याचं पगारी काम. तिने त्याच्याकडून एक कबूतर मागून आणलं आणि क्लेम सकाळी तोंड धूत होता तेवढ्यात मटाराशेजारच्या कोबीच्या पानांखाली सरकवून दिलं. मग गोळी झाडल्याचा आवाज आला, मग क्लेमची आरोळी आली, आणि त्या दिवशी तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

एकदा ठेवलेलं कबूतर मग दर आठवड्याला ठेवावं लागलं. मटिमर तिच्याकडून बदल्यात घरच्या प्लमची दारू घ्यायचा आणि वर म्हणायचा की मी तोट्यात आहे. एकदा मेव्हिसला घाई झाली आणि तिने फ्रीजरमधलं कबूतर तसंच नेऊन ठेवलं. दगडासारखं टणक, चोचीवर बर्फ. मला वाटलं, आज फुटलं भांडं. क्लेमने ते उचललं, हातात वजन करून पाहिलं आणि कुंपणाशी येऊन मला दाखवलं. म्हणाला, "बघ एल्सी, किती साफ मेलंय. ताठ होऊन जागच्या जागी. त्याला कळलंसुद्धा नसेल." मी म्हटलं, नसेलच.

सुगीच्या जेवणाला गावाच्या हॉलमध्ये क्लेमच्या कबुतरांचा स्ट्यू असायचा. जेवताना कोणाच्या तरी दाताखाली छर्रा यायचा, मटिमरच्या मोठ्या बंदुकीचा चांगला जाड छर्रा, आणि क्लेम तो मागून घेऊन उजेडात धरायचा. मग एकेका कबुतराची कथा सुरू व्हायची. वारा कुठून होता, ऊन कुठे होतं, पाखराच्या मनात काय होतं आणि ते त्याने आधीच कसं ओळखलं. समोर मटिमर बसलेला, ज्याने ती सगळी कबुतरं खरोखर मारली होती. क्लेम त्याला सांगायचा की मटिमर, तू घाई करतोस, पाखराला आधी विश्वासात घ्यावं लागतं. मटिमर टोपी काढून ऐकायचा आणि म्हणायचा की लक्षात ठेवीन.

आमच्या गावाची रीतच ती. इथे तोंडावर खरं बोलणं म्हणजे रस्त्यात कपडे काढण्यासारखं समजतात. माझ्या संत्र्याच्या मुरांब्याला लोक गेली कित्येक वर्षं 'वेगळाच' म्हणतात. त्याचा अर्थ मला कळतो आणि मला कळतो हे त्यांना कळतं, आणि मी दरवर्षी प्रत्येकाला बरणी देते. पाद्रीबाबांचं प्रवचन 'सखोल' असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आमच्या गावात तर एकही मूठ उघडी नाही. तेव्हा क्लेमचं गुपित आख्ख्या गावाने सांभाळलं यात कोणी काही थोर केलं नाही. ते आम्हाला सवयीचंच होतं.

या गावात मग इमोजन स्टॅनब्रिज राहायला आली. लंडनची बाई. पाणचक्कीचं जुनं घर विकत घेतलं, अंगणात उंच खांबावर पांढरीशुभ्र ढाबळ बसवली आणि तिच्यात पांढरी कबुतरं सोडली. बाई मनाने वाईट नव्हती. तिला एकच रोग होता, ती खरं बोलायची. आली त्याच आठवड्यात तिने पाद्रीबाबांना सांगितलं की प्रवचन निम्मं चाललं असतं. मला म्हणाली की मुरांबा करपलाय. करपला होता. पण म्हणून काय झालं?

जूनमध्ये एका सकाळी तिला तिच्या हिरवळीवर एक पांढरं कबूतर मेलेलं सापडलं. मान तुटलेली, छातीची पिसं गोल उपटलेली, छाती खाल्लेली. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की हे शिकऱ्याचं काम. पण लंडनमध्ये कबुतरं मोटारीखाली येऊन मरतात, शिकरा तिला काय माहीत? तिला एवढंच माहीत होतं की पहाटे बंदुकीचा आवाज आला होता. ती थेट क्लेमच्या फाटकाशी आली आणि तिने विचारलं, "मिस्टर लार्वुड, माझं कबूतर तुम्ही मारलंत का?"

मी कुंपणाशीच होते. गावातल्या दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर तो हवामानावर बोलला असता. क्लेमचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. पहाटे त्याने चाप ओढला होता. सूर्य समोर होता. काहीतरी पांढरं उडालेलं दिसल्यासारखं वाटलं होतं.

"मीच," तो म्हणाला. "दुसरं कोण असणार? माझ्या टप्प्यात आलं म्हणजे संपलं. मला फार वाईट वाटतंय, बाई."

टप्पा! पाणचक्कीचं घर रस्त्यापलीकडे, ओढ्यापलीकडे. त्या बंदुकीचा छर्रा टपालाने पाठवला असता तरच तिथे पोचला असता. पण बाईने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण ती स्वतः खरं बोलायची, आणि असल्या माणसांना समोरचा खोटं बोलतोय हे समजत नाही. इथे तर बिचारा खोटंही बोलत नव्हता. तिने पोलिसांना कळवलं. पोलिसांकडून निरोप आला की बंदुकीच्या परवान्याचे साहेब गुरुवारी गावसभेला येतील, गावाचं काय म्हणणं आहे ते ऐकतील आणि तिथेच निकाल देतील.

क्लेमने त्या दिवसापासून बंदुकीला हात लावला नाही. फक्त रोज तेल लावायचा. बापाने शेवटच्या आजारात ती त्याच्या हातात दिली होती, असं मेव्हिस म्हणाली. "एल्सी, ती गेली तर हा माणूस खोपटात नुसताच बसून राहील गं. मटाराकडे बघत."

मी म्हटलं, मग सांगून टाक. साहेबाला सांग की याने जन्मात काही मारलं नाही, हे कबूतर कुठून मारणार? तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला नवऱ्याला विष घालायला सांगतेय. मग आम्ही मटिमरला पाठवलं. त्याने साहेबांना तालुक्याला जाऊन एकट्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. साहेब चांगले होते, हसले म्हणे. म्हणाले, नेम चुकणारा माणूस हे माझं काम नाही, दुसऱ्याची पाखरं मारणारा माणूस हे माझं काम. पण तो स्वतः कबूल करतोय. तेव्हा कोणीतरी सभेत उभं राहून हे सांगा, म्हणजे मी बंदूक त्याच्याकडेच ठेवून चहा पिऊन जातो. कानात सांगितलेलं मला चालत नाही.

आता मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? मी मेव्हिसला सांगून टाकलं की तू नाही उठलीस तर मी उठेन. मला त्या सगळ्याचा मनापासून राग आला होता. चांगुलपणाच्या नावाखाली आम्ही एका माणसाला इतकी वर्षं कबुतरं भरवली आणि आता त्याच चांगुलपणापायी त्याच्या बापाची वस्तू जाऊ देणार होतो.

गुरुवारी हॉल भरला. क्लेम मयताला जाताना घालायचा सूट घालून आला होता. बंदूक त्याने पांढऱ्या चादरीत गुंडाळून आणली होती आणि टेबलावर ठेवताना तिच्याखाली आपली टोपी घातली. इमोजनबाई पहिल्या रांगेत बसली होती, आणि खरं सांगायचं तर तिचाच चेहरा सगळ्यांत ओशाळलेला होता. आदल्या दिवशी क्लेमने तिच्या दाराशी जाऊन टोपलीभर मटार दिला होता आणि माफी मागितली होती.

साहेबांनी विचारलं, काय झालं ते सांगा. क्लेम उभा राहिला. त्याने सांगितलं की सूर्य डोळ्यांवर होता, पाखरू पांढरं होतं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बोट आपसूक ओढलं गेलं. "चांगल्या नेमबाजाने आधी बघावं आणि मग मारावं," तो म्हणाला. "मी आधी मारलं. माझा नेम जरा कच्चा असता तर ते पाखरू आज जिवंत असतं."

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. साहेब खाली बघून मिशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं की गावापैकी कोणाला या बाबतीत काही सांगायचं आहे का. हे विचारताना त्यांनी मटिमरकडे बघितलं, मटिमरने चहाच्या मोठ्या किटलीकडे बघितलं, आणि मग सगळेच त्या किटलीकडे बघायला लागले. पाद्रीबाबा उठले आणि नोहाच्या नावेतून सोडलेल्या कबुतराबद्दल बराच वेळ काहीतरी सखोल बोलून बसले. ते कोणाच्या बाजूने होते ते आजवर कोणाला कळलेलं नाही.

मी पर्स बाजूला ठेवली आणि उठायला लागले. तेवढ्यात मेव्हिस उभी राहिली.

साहेबांना हायसं वाटलेलं दिसलं. त्यांनी तिला मदत व्हावी म्हणून सरळच विचारलं, "मिसेस लार्वुड, तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुमच्या मिस्टरांचा नेम कसा आहे?"

क्लेमने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती, शंका नव्हती. बाकी काही झालं तरी या एका प्रश्नाचं उत्तर आपल्या बाजूने आहे, अशी त्याला खात्री होती. प्रदर्शनात आपला नंबर पुकारला जायची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत. तसा तो दिसत होता. क्लेमला मी आयुष्यात तसा पहिल्यांदाच बघत होते.

मेव्हिसने एक हात पुढच्या खुर्चीवर टेकला.

"त्याने आणलेल्या प्रत्येक कबुतराची पिसं मीच काढलीत, साहेब," ती म्हणाली. "एकदाही नेम चुकलेला मी पाहिला नाही."

ती बसली. मीही बसले. साहेबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग मटिमरकडे, मग माझ्याकडे. मटिमर पुन्हा किटलीकडे बघायला लागला. त्यांनी उसासा सोडला आणि सांगितलं की असं असेल तर वस्तीत इतक्या अचूक माणसाला बंदूक घेऊन बसू देणं बरोबर नाही. बंदूक चादरीसकट उचलली. टोपी क्लेमला परत दिली, आणि देताना त्याला सलाम केला. क्लेमने सलाम परत केला. त्याचे डोळे भरले होते, पण मान अशी ताठ होती की बाहेर जाताना लोकांनी त्याला आपणहून वाट दिली. गुत्त्यात त्या संध्याकाळी म्हणे त्याच्यासाठी दोन माणसं खुर्चीवरून उठली.

मी मेव्हिसशी भांडले. रस्त्यातच भांडले. म्हटलं, एक वाक्य बोलायचं होतं तुला, बंदूक आज घरी असती. साहेब तर तोंडात शब्द घालत होते. तू काय केलंस हे?

ती चालत राहिली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "बंदूक गेली तर त्याला दुसरं काही सापडेल, एल्सी. मधमाश्या पाळेल, नाहीतर मासे धरेल. पण मी त्याच्या तोंडावर ते बोलले असते, आणि तो घरी आला असता, तर समोर बसवून मी त्याला वाढलं काय असतं?" ती आत गेली आणि मी तिच्यामागे फाटक लावून घेतलं. मला तिचा राग आला होता आणि तिचा हेवाही वाटत होता. माझ्या नवऱ्याला मी चाळीस वर्षं सगळं खरं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाशी गेले. क्लेम खोपटात त्याच्या खुर्चीवर बसला होता. थर्मास होता, टोपी कपाळावर होती, हात मात्र गुडघ्यांवर मोकळे पडले होते. मागच्या दारात मेव्हिस चाळणी घेऊन शेंगा सोलत उभी होती. मटाराच्या वाफ्यात कबुतरं उतरली होती. नेहमी असतात तेवढीच होती, आणि नेहमी खातात तशीच खात होती.

क्लेमने मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"बघ, कशी निर्धास्त खातायत," तो म्हणाला. "एका रात्रीत कळलं त्यांना. बंदूक होती तोवर यातलं एक तरी असं बसलं होतं का? तूच सांग, तू तर रोज बघायचीस."

दारातल्या मेव्हिसचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, चाळणीकडे बघत होती. आणि जिला गावात सगळे फटकळ म्हणतात ती मी, कुंपणावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "नाही रे क्लेम. काल-परवापर्यंत इकडे फिरकायची हिंमत नव्हती त्यांची."